रकाना अठरा आकडी, माणूस आठ अक्षरी

चीनच्या प्रत्येक नागरिकाला १८ जागांचा एक क्रमांक असतो. पहिले ६ आकडे गावाचे, पुढचे ८ जन्मतारखेचे, मग ३ अनुक्रमाचे आणि शेवटची जागा पडताळणीची. जन्मभर तो सहसा बदलत नाही. रेल्वेचं तिकीट, दवाखान्यातला नंबर, बँकेचं खातं, मोबाइलचं सिम, सगळं त्यावर चालतं. माझ्या भारतीय पासपोर्टचा क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि ७ आकडे. शाओशिंगमध्ये राहताना माझ्या बहुतेक कटकटी या फरकातून उगवतात. त्या लहान आहेत म्हणून सोडून द्याव्यात, हे मला मान्य नाही. रोजचं जगणं लहान गोष्टींचंच असतं.

शाओशिंग म्हणजे खेडं नव्हे. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती ५० लाखांच्या वर भरली. तरी चीनच्या हिशेबात हे शांघाय किंवा हांगचौच्या पंगतीतलं शहर नाही. कछ्याओ भागातल्या कापडबाजारात मुंबई-सुरतचे व्यापारी कैक वर्षं येतात. मीही मुंबईच्या एका पेढीसाठी इथे राहून माल बघतो आणि बाकीचं काम घरून संगणकावर करतो. बाजारात पासपोर्ट पाहून कुणी दचकत नाही. बाजार सोडून चार चौक पुढे गेलं की मात्र काउंटरवरची मुलगी तो उलटसुलट करून पाहते, शेजारणीला हाक मारते, शेजारीण साहेबांना बोलावते. तिघंही अत्यंत सौजन्यानं वागतात. कधी पाणी देतात, बसायला खुर्ची देतात. रकाना मात्र १८ आकडे भरल्याशिवाय पुढे सरकत नाही.

नावाचं प्रकरण तर जास्तच जिव्हारी लागतं. आपल्या नावात वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव वेगळ्या ओळीत. इथल्या बँकेनं आडनाव आधी लिहून मधे जागा सोडली. मोबाइल कंपनीनं सगळं सलग जोडून टाकलं. तिकिटाच्या नोंदणीत वडील गळाले. माणसाला वाटेल, काय बिघडलं? बिघडतं असं, की मोबाइलवरून पैसे देण्याची सोय सुरू करताना संगणक बँकेतलं नाव आपल्या नोंदीतल्या नावाशी ताडून पाहतो. मधली एक मोकळी जागासुद्धा त्याला परका माणूस वाटते. मग बँक म्हणते मोबाइल कंपनीकडे जा, कंपनी म्हणते आमच्याकडे बरोबर आहे, बँकेला सांगा. परदेशी कार्ड वीचॅट आणि अलीपेला जोडता येतं, ही खरोखर चांगली सुधारणा झाली. पण एका वेळी २०० युआनच्या वर गेलं की ३ टक्के जास्तीचे द्यावे लागतात. चार दिवसांच्या पाहुण्याला ते परवडेल. इथे घरभाडं भरणाऱ्यानं का सोसायचं?

आणि मग पासपोर्ट संपतो. आपल्याकडे नव्या पासपोर्टवर क्रमांकही नवा येतो. भारतात त्याचं काही वाटत नाही. इथे त्या दिवशी मी नोंदींच्या लेखी दुसराच माणूस होतो. रहिवासी परवान्यातला तपशील बदलला की १० दिवसांत कळवावं लागतं, ते पोलिसांचं काम सरळ होतं. पुढचं नाही. बँकेला नवा पासपोर्ट दाखवला तर ती खात्री करायला मोबाइलवर संकेत पाठवते, आणि ते सिम जुन्या पासपोर्टवर. सिम बदलायला गेलो तर जुना पासपोर्ट मागतात. तो वकिलातीनं कोपरा कापून रद्द केलेला, म्हणून चालत नाही. आधी कोणी कोणाला मान्य करायचं, हे ठरवणारा माणूस कुठल्याच काउंटरवर बसलेला नाही. मोठ्या शहरात अशा कामांची सवय असलेली शाखा शोधता तरी येते.

यात वेळेचंही झेंगट आहे. चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. मुंबईची पेढी सकाळी १० ला उघडते तेव्हा इथे साडेबारा झालेले असतात, म्हणजे सरकारी कामांसाठी माझ्याकडे फक्त सकाळ उरते. साडेअकराला काउंटर जेवणासाठी बंद होतात. त्यांनी जेवू नये असं मी म्हणत नाही. पण माझं काम तिघांकडून फिरून येईपर्यंत ती वेळ होतेच, आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. मुंबईची संध्याकाळची बैठक आटोपते तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि गल्लीतल्या खानावळीची भट्टी कधीच विझलेली असते. उघडं सापडलंच, तर नुसत्या शेंगांच्या भाजीवरही डुकराचा खिमा भुरभुरलेला. शाकाहारी माणसाला मग घरी येऊन भात लावावा लागतो.

छोट्या गावांतली हॉटेलं परदेशी माणसाला 'आम्हाला परवानगी नाही' म्हणून परत पाठवतात. तसं करता येणार नाही, हे सरकारनं २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पण गिरणीवर माल बघायला बाहेरगावी जातो तेव्हा रात्रपाळीच्या पोराला पासपोर्टची नोंद कुठे भरायची हेच ठाऊक नसतं. त्याला कुणी शिकवलेलंच नाही, तर दोष त्याला कसा द्यायचा?

हे सगळं सुटू शकतं, म्हणूनच चीड येते. १ डिसेंबर २०२३ पासून कायम निवासाचं जे नवं कार्ड परदेशी लोकांना देतात, त्यावर १८ जागांचाच क्रमांक असतो. ते कार्ड मिळवणं फार कठीण, ते राहू द्या. पण परदेशी माणूस १८ आकड्यांत बसतो, हे त्यातून सिद्ध झालं. मग कामाच्या परवान्यावर राहणाऱ्या, इथे कर भरणाऱ्या माणसालाही तसा क्रमांक द्यावा, पासपोर्ट बदलला तरी टिकणारा. तोवर निदान नावाचा एक नियम करावा. पासपोर्टच्या पानावर तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांत आडनाव आधी, मग बाकीचं नाव, आणि ही पद्धत जगभर एकच आहे. बँक, मोबाइल कंपनी आणि रेल्वे, तिघांनीही नाव तिथूनच जसंच्या तसं उतरवून घ्यावं.