पारावरचे सरसेनापती

कवठे येमाईच्या पारावर पानिपत आजवर एकदाही हरलेलं नाही. हा पराक्रम ज्यांच्या खात्यावर जमा आहे ते गृहस्थ शिरूर-दौंडच्या कुठल्याही गावात भेटतील. गाव त्यांना गमतीने ‘सरसेनापती’ म्हणतं आणि ते गमतीने घेत नाहीत. त्यांनी पुस्तकं खरोखर वाचली आहेत, हे आधी कबूल करायला हवं. शेजवलकर झाले, विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ झालं, हिटलरवरचे ठोकळेही झाले. तक्रार एवढीच, की ते लढाई वाचतात आणि युद्ध गाळतात. गारद्यांच्या तोफा, गोलाची रचना, होळकरांचं चुकलं की भाऊंचं, यावर दुपार सरते. पण १७६० च्या नोव्हेंबरपासून अडीच महिने त्या छावणीत चुली कशावर पेटल्या, हे विचारलं की त्यांना घरचं काम आठवतं. एरवी कडब्याचा शेकडा कितीला गेला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा! पटावरच्या लढाईतल्या घोड्यांना मात्र वैरण लागत नाही.

समुद्रावरही हीच तऱ्हा. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले नि कान्होजी आंग्र्यांपुढे हात हलवत परतले, हे सांगताना सेनापतींचा आवाज थेट एस.टी. स्टँडपर्यंत जातो. १७५६ आलं, पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार बुडवलं तो विजयदुर्ग आला, की तंबाखूला चुना लावायची वेळ होते.

कुणी म्हणेल, निर्णय सेनापतीचा असतो, भाकरीची काळजी कारकुनांची. पण पानिपतावर निर्णय भाकरीनेच घेतला. धान्य धाडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली, सोबत बायकापोरं नि यात्रेकरू. १४ जानेवारी १७६१ ला भाऊ बाहेर पडले ते आत उपाशी मरण्यापेक्षा लढलेलं बरं म्हणून. ही पानं वगळून भाऊंना शहाणपण शिकवणं फार सोपं आहे. दुसरा आक्षेप अधिक प्रेमळ: गावात एक माणूस वाचतोय, वाचू द्या की! जरूर. म्हणूनच गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ त्यांच्या हाती द्यावा. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला वरसईचा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो, लुटला जातो. सेनापती ते चार दिवसांत परत करतील, शेरा मारून: लढाई कमी, पळापळच फार.