वेग नावाची ट्राम

आयरिश भाषेत 'लुआस' म्हणजे वेग. डब्लिनकरांनी आपल्या ट्रामचं बारसं याच नावानं केलं. 2004 साली हिरवी आणि तांबडी अशा दोन लाइन काही महिन्यांच्या अंतरानं सुरू झाल्या. फक्त त्या एकमेकींना भेटत नव्हत्या. एकाच चाळीत राहून बोलचाल बंद असलेल्या जावाच जणू!

हिरवी सेंट स्टीफन्स ग्रीनपाशी येऊन थांबे, तांबडी लिफी नदीपलीकडे अ‍ॅबी स्ट्रीटवरून जाई. मधलं अंतर किलोमीटरभर. प्रवाशानं उतरायचं, ग्राफ्टन स्ट्रीटच्या गर्दीतून बॅग ओढत, गिटारवाल्याला वळसा घालत, ओ'कॉनेल पुलावर वाऱ्यानं उलटलेली छत्री सरळ करत चालायचं. पंधरा मिनिटांचा हा कार्यक्रम.

मूळ बेतात दोन्ही लाइन जोडणारा हा तुकडा होता बरं का. पण 1998 साली सरकारला वाटलं, शहराच्या मध्यातून ट्राम भुयारातून न्यावी. भुयार कागदावरून खाली उतरलंच नाही आणि घोंगडं भिजत पडलं. शेवटी 2013 मध्ये जमिनीवरूनच जोडणीचं काम निघालं, डिसेंबर 2017 मध्ये हिरवी गाडी नदी ओलांडून गेली. तेरा वर्षांत किलोमीटरभर! गोगलगायीलाही संकोच वाटेल.

आता हिरवीचे रूळ तांबडीचे रूळ चक्क छेदतात. फक्त दोघींचा थांबा एक नाही. गाडी बदलायची तर उतरा, कोपऱ्यावरून वळा आणि चाला. थोडंच, पण चालाच.