सव्वादोन युनिटांचा माणूस

निवृत्त माणसाच्या हाती कॅल्क्युलेटर लागू नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं स्पष्ट मत आहे. पण मला सांगा, एकाच घरात विजेचा हिशेब युनिटात, गॅसचा सिलिंडरात, पोटाचा कॅलरीत आणि एसीचा टनात, हा काय कारभार झाला? त्यातला एसीचा टन तर चक्क बर्फाचा. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता दिवसाला खोलीबाहेर फेकणारा तो एक टनी. बर्फाच्या लाद्या विकायच्या काळातलं माप, अजून आपल्या भिंतीवर लटकतंय.

म्हणून मी सगळं लाईट बिलाच्या युनिटात आणलं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजेच ८६० किलोकॅलरी. (आहारवाले जिला नुसती 'कॅलरी' म्हणतात ती हीच, मागचा 'किलो' ते गिळून टाकतात, आणि आपल्याला मात्र किलो कमी करायला सांगतात.) या हिशेबाने १४.२ किलोचा सिलिंडर निघाला साधारण १८० युनिटांचा. तीनशे कॅलरीचा वडापाव, युनिटाच्या तिसऱ्या हिश्शाचा. आणि दिवसाला दोन हजार कॅलरी खाणारा मी? सव्वादोन युनिट, फार तर जरा वर. चोवीस तासांत वाटलं तर जेमतेम शंभर वॅटचा दिवा.

"शंभरचा दिवा निदान उजेड तरी पाडतो," ही म्हणाली.

मी दुर्लक्ष करून सिंहगडाकडे वळलो. आतकरवाडीतून गडावर सुमारे सहाशे मीटरची चढण. माझं वजन सत्तर किलो धरा (धराच). वजन, उंची आणि गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार केला, तर काम भरतं चार लाख ज्यूलच्या आसपास. ऐकायला कसं भारदस्त वाटतं! युनिटात मांडलं की होतो नववा हिस्सा. म्हणजे पहाटे उठून, धापा टाकत, दोनदा बसून, एकदा बूट काढून मी जे केलं, ते घरचा दोन किलोवॅटचा गीझर साडेतीन मिनिटांत उरकतो. शरीराच्या इंजिनात खाल्ल्यातला पाव हिस्साच कामी येतो, बाकीचं घामावाटे आणि गरम कानांवाटे जातं. त्यामुळे प्रत्यक्षात चारेकशे कॅलरी जळतात, हा एवढाच दिलासा. तोही वरच्या कांदाभजीच्या प्लेटपर्यंत. मडक्यातल्या दह्याचा हिशेब मी मुद्दामच केला नाही.

या साऱ्याच्या मुळाशी असलेला जेम्स ज्यूल हा मँचेस्टरजवळचा, बिअर बनवणाऱ्या घरातला. काम आणि उष्णता यांचं नातं मोजायचा त्याला ध्यास. १८४७ साली तो नव्या नवरीला घेऊन आल्प्समध्ये गेला, तेव्हा तिथे भेटलेल्या लॉर्ड केल्विननी पुढे सांगितलं, की याच्या हातात लांबलचक थर्मामीटर होता. धबधब्याचं पाणी खाली पडल्यावर किती तापतं, ते पाहायला! सुमारे ७७२ फुटांवरून पडलं तर पाणी एक अंश फॅरनहाइटने तापतं, असं त्याचं गणित होतं. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. मी हे मोठ्या आदराने हिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईचं काय झालं असेल!"

मग मी स्वावलंबनाची योजना मांडली. व्यायामाच्या सायकलला छोटं जनित्र जोडायचं आणि घरची वीज घरीच करायची. माझ्या वयाचा माणूस न थांबता पाऊणशे वॅट देईल, असं मी धरलं. मिक्सर साडेसातशे वॅटचा. ती खोबरं किसता किसता म्हणाली, "म्हणजे चटणीला दहा माणसं."

"गणित बरोबर आहे."

"आणि त्या दहा जणांचं जेवण?"

मी कॅल्क्युलेटर शोधू लागलो, तोवर तिने मिक्सरचं बटण दाबलं होतं.