वास आणि अंतर

मे महिना लागला की सीबीडी बेलापूरच्या सोसायट्यांत बेत शिजू लागतात: यंदा गाडीनेच जायचं, आधी महाबळेश्वर, मग खाली गुहागर. डोंगर, तळं आणि समुद्र एकाच सुट्टीत वसूल. वेण्णा तलावावर बोटीसाठी रांग, रांगेतच मक्याचं कणीस. परतीला मुंबई-गोवा महामार्ग. त्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा आईच्या मांडीवर बसून गेलेली मुलं आता पुढच्या सीटवर बसून खड्डे मोजतात. मुलं वाढली, मुदतीही वाढल्या.

याच सोसायट्यांना खेटून दिवाळे कोळीवाडा आहे. पाठीशी पारसिकचा डोंगर, पुढ्यात पनवेलची खाडी, पलीकडे नेरुळच्या पाणथळीत फ्लेमिंगो. हे पाहुणे कच्छहून येतात. ना बुकिंग, ना टोल. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये पाणथळींच्या रामसर यादीतही गेलं. पण जिथे चालत जाता येतं, त्याला सहल कोण म्हणेल? स्टेटसला काय टाकणार?

शिवाय मासळीचा प्रश्न आहेच. गुहागरला वाळत घातलेल्या बोंबलांसमोर गाडी थांबवून फोटो काढतात आणि छाती भरून म्हणतात, ‘हे खरं कोकण!’ दिवाळ्याच्या मासळी बाजारावरून जाताना मात्र काचा वर आणि नाकाला रुमाल. घराजवळचा वास पालिकेकडे तक्रार करण्याजोगा. शेकडो किलोमीटर डिझेल जाळलं की त्याचीच संस्कृती होते.