डेंकालीचे रहिवासी

"पण हा तर मेला होता!"

हे उद्गार प्रस्तुत लेखकाने डिसेंबर 2021 मध्ये एका मल्टिप्लेक्सच्या अंधारात, पुढच्या तीन रांगांना ऐकू जातील इतक्या स्पष्टपणे काढले. पडद्यावर 'स्पायडर-मॅन : नो वे होम' चालू होता. आल्फ्रेड मोलिनाचा डॉक्टर ऑक्टोपस पुलावर प्रकटला होता आणि लोक शिट्ट्या मारत होते. लेखक मात्र हिशेब मांडत होता. 2004 सालच्या सिनेमात ऑक्टोपसला उपरती झाली, आपलं राक्षसी यंत्र घेऊन तो नदीच्या तळाशी गेला आणि लेखकाच्या डोळ्यांत पाणी आलं. सतरा वर्षांनी तोच इसम ताजातवाना होऊन मोटारी भिरकावतोय. मग ते पाणी परत कोण देणार?

"मामा, उपरतीच्या आधी उचललाय त्याला," भाचा कुजबुजला. "पीटरचा गळा धरतो ना, तेव्हाच. आणि हळू बोल जरा."

रात्री दीड वाजता लेखकाने जुना सिनेमा लावून पाहिला. भाच्याचं बरोबर होतं. सकाळी त्याला फोन करून लेखकाने कळवलं, की मला हे माहीतच होतं, तुझी परीक्षा घेत होतो.

लेखकाकडे एक शंभरपानी वही आहे. मुखपृष्ठावर लाल शाईत 'विसंगती' असं लिहिलेलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विद्वानांनी हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली; सुपरहिरोंच्या बाबतीत तेच काम नियतीने आपल्यावर सोपवलं आहे, अशी लेखकाची प्रामाणिक समजूत. इलेक्ट्रो 2014 मध्ये अंगभर निळा होता, 2021 मध्ये त्याचा निळेपणा गेला, बुजरेपणाही गेला : नोंद. सँडमॅनला 2007 मध्ये पीटरने क्षमा केली, तो वाळू होऊन वाऱ्यावर निघून गेला, मग आता पुन्हा हाणामारीत कसा : नोंद, खाली दोन रेघा. टोबी मॅग्वायरच्या मनगटातून जाळं आपोआप सुटतं, पण 1962 च्या मूळ कथेत स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पोराला ते यंत्र स्वतः बनवायला लावलं होतं : ही तर जुनीच नोंद. या सिनेमात बाकीचे दोन स्पायडर-मॅन टोबीला नेमकं यावरूनच छेडतात. वहीतला मुद्दा विनोद करून खपवला गेला. याला वाङ्मयचौर्य म्हणावं का, यावर लेखकाने एक अख्खा रविवार घालवला.

एका जागी मात्र लाल शाई थांबली. 1973 साली 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या 121व्या अंकात ग्वेन स्टेसी पुलावरून पडते; जाळं तिला पकडतं, पण त्या झटक्यानेच तिची मान मोडते. 2014 च्या सिनेमात अँड्र्यू गारफिल्डच्या स्पायडर-मॅनलाही ती वाचवता येत नाही. 'नो वे होम'मध्ये दुसऱ्या स्पायडर-मॅनची मैत्रीण पडते आणि गारफिल्ड झेप घेऊन तिला झेलतो. झेलल्यावर त्याचा चेहरा बघावा. जुन्या गोष्टीतलं अक्षरही न खोडता तिच्यापुढे एक ओळ लिहिलेली आहे. तेव्हा लेखकाने डोळे पुसले ते पॉपकॉर्नवरच्या तिखटामुळे, एवढं भाच्याकडून कबूल करून घेतलेलं आहे.

पात्रांनी एकमेकांच्या गोष्टीत कसं जावं, हे सांगायचं तर वेताळाकडे वळावं लागतं. लागत नाही खरं तर. पण लेखक मुंजीच्या पंगतीतही वेताळाकडे वळतो, तो इथे सोडेल होय?

ली फॉकने 1936 साली निर्माण केलेला फँटम इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ झाला. इतका बेमालूम, की विक्रम राजाच्या खांद्यावरून उतरून हा जंगलात नोकरीला लागला असावा, असं लेखकाला बरीच वर्षं वाटायचं. अंगी कुठलीही अद्भुत शक्ती नाही. दोन पिस्तुलं, कवटीची अंगठी आणि बापाकडून मुलाकडे एकवीस पिढ्या चालत आलेलं काम, एवढंच भांडवल. जादूगार मॅन्ड्रेक हेही फॉकचंच अपत्य, दोन वर्षांनी थोरलं. 1977 साली वेताळ अखेर डायनाशी बोहल्यावर चढला, तेव्हा मॅन्ड्रेक आणि लोथार लग्नाला आले होते. पाहुण्यासारखे आले, पाहुण्यासारखे गेले. आकाश फाटलं नाही, की एकाच्या गोष्टीतला मेलेला माणूस दुसऱ्याच्या मांडवात उठून बसला नाही. भेटीगाठी व्हाव्यात तर अशा.

मग 1986 साल उजाडलं. 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' नावाच्या 65 भागांच्या कार्टून मालिकेत वेताळ, मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन एकाच दावणीला बांधले गेले. कथेचा काळ सन 2015. लेखकाने त्या वर्षाची वाट पाहिली. काहीही झालं नाही. यातला वेताळ सत्ताविसावा. त्याला जेडा नावाची मुलगी. आणि जंगलाच्या कायद्याचं नाव घेऊन हाक दिली, की याच्या अंगात दहा वाघांचं बळ! ज्या माणसाची सगळी ऐट आपण साधा माणूस असण्यात, त्याच्या अंगात वाघ आणले. शीर्षकगीताचे शब्द खुद्द स्टॅन लीचे, हे कळल्यापासून लेखक त्याच्याशी मनातल्या मनात बोलत नाही.

पोशाखाची आणखी वेगळी कथा. फॉकच्या मनातला रंग करडा. 1939 मध्ये रविवारची रंगीत पानं निघाली आणि वेताळ छापून आला जांभळा. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. लेखक कट्टर जांभळ्या पक्षाचा असून कुठल्याही इटालियन माणसाशी वाद घालायला तयार आहे. अजून एकही इटालियन भेटलेला नाही.

तर अशा अधिकारी व्यक्तीसमोर गेल्या दिवाळीत भाच्याने फराळाच्या ताटाशेजारी फँटमचं एक इंग्रजी पुस्तक ठेवलं. त्यात वेताळाचा देश : बंगाला.

"चूक आहे," लेखक म्हणाला. "वेताळ डेंकालीत राहतो. हल्लीच्या लोकांना मुळाची चाड नाही."

हजार रुपयांची पैज लागली. चकली संपायच्या आत भाच्याने फोन पुढे केला. डेंकाली हे नाव इंद्रजालवाल्यांनी भारतातल्या वाचकांसाठी घातलेलं. मूळ नावाने बंगालशी घोटाळा झाला असता. वेताळाच्या बापाचा खुनी मूळ कथेत रामा. तेही आपल्याकडे कसं चालणार, म्हणून त्याचा रामालू केलेला. चाळीस वर्षं लेखक ज्या देशाच्या सीमेवर पहारा देत होता, तो देश एका संपादकाच्या टेबलावर जन्मला होता.

"मामा, तुझं मूळ हाच पाठभेद निघाला की," भाचा म्हणाला. पैसे त्याने रोख घेतले.

यानंतर लेखकाने 'अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' पुन्हा पाहिला. 2023 मध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचं सारं लक्ष पवित्र प्रभाकरवर होतं. हा भारतीय स्पायडर-मॅन 2004 च्या कॉमिकमध्ये खेड्यातून मुंबईत आलेला, धोतर नेसलेला मुलगा होता आणि शक्ती त्याला एका योग्याकडून मिळाली होती. बेन काकांच्या जागी भीम काका. सिनेमात तो मुंबॅटनमध्ये केस उडवत फिरतो आणि 'चाय टी' म्हणणाऱ्यांवर वैतागतो. धोतराच्या चौकशीत आणि प्रभाकर हे नाव की आडनाव या प्रश्नात लेखकाची तीन पानं गेली होती. या खेपेला नजर गेली मिगेल ओहाराकडे. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरलेल्या घटना घडल्याच पाहिजेत, पोलीस अधिकारी मरायचा तर मेलाच पाहिजे, नाहीतर विश्व कोसळेल, म्हणून तो एका शाळकरी पोराच्या मागे धावतो. कपाळावर आठी, जबडा आवळलेला, विनोद वर्ज्य. लेखकाला हा माणूस ओळखीचा वाटला. वही तेवढी नव्हती त्याच्या हातात.

पण म्हणून लेखकाची प्रत्येक तक्रार म्हातारचळ नव्हे. 2017 च्या 'लोगन'मध्ये पुरलेला वुल्व्हरिन 2024 मध्ये डेडपूल उकरून काढतो आणि त्याच्याच हाडांनी मारामारी करतो. त्यात निदान उघड निर्लज्जपणा आहे, आणि ह्यू जॅकमन स्वतः हजर आहे. 2023 च्या 'द फ्लॅश'मध्ये सत्तरी ओलांडलेला मायकेल कीटन 1989 चा बॅटमॅन होऊन परत आला. त्याला विचारता आलं, तो हो म्हणाला. त्याच सिनेमात जॉर्ज रीव्ह्ज आणि ख्रिस्तोफर रीव्ह हे दोन जुने सुपरमॅनही संगणकाने उभे केले. एक 1959 साली वारलेला, दुसरा 2004 साली. क्षणभर दिसले, टाळ्या मिळवल्या, गेले. हे बघताना लेखकाला वहीसुद्धा आठवली नाही. नुसतं पोटात कसंतरी झालं.

लेखकाला वेताळ वाचून दाखवायचा तो दादा, थोरला भाऊ. रद्दीतून आणलेल्या एका अंकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. दादा ते मनाने सांगायचा : वेताळ चाच्यांना पकडतो, दम देऊन सोडून देतो आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याला गुहेत चहा करायला ठेवून घेतो. पुढे तीस वर्षांनी लेखकाला तो अंक अखंड मिळाला. शेवट नीट होता, पण चहा नव्हता.

दादा आता नाही. त्याचा आवाज एका जुन्या कॅसेटवर आहे. त्यावरून हल्ली तो शेवट पुन्हा त्याच्याच आवाजात बोलवून घेता येईल, असं भाचा परवा सहज म्हणाला. लेखकाने त्याला आणखी एक लाडू घ्यायचा आग्रह केला.

त्या अंकाची नोंद वहीत आहे, लाल शाईत : 'छापील शेवट मूळ कथेशी विसंगत. चहा गाळला आहे.'