तीस फेब्रुवारी

उसने पैसे कधी देणार असं विचारलं की ‘३० फेब्रुवारीला’ म्हणणारे महाभाग आपल्या ओळखीचे असतात. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेला हा विनोद कळत नाही. तिच्या तारखेच्या खात्यात ३० फेब्रुवारी २०२६ टाका, ती मुकाट्याने २ मार्च काढून देते. सावकाराची सोय झाली! महिना आकड्यात सांगताना मात्र जपायचं, कारण तिथे जानेवारी शून्य असतो आणि फेब्रुवारी एक. तारखा बिचाऱ्या एकपासूनच.

पन्नाशीला वेबसाइट करायला शिकावं म्हणून ही भाषा धरली. तिचा स्वभाव म्हणजे लग्नघरातल्या त्या काकांचा, जे कशालाच नाही म्हणत नाहीत. फॉर्मच्या चौकटीत कुणी ५ लिहिला की तो मजकूर म्हणून येतो. त्यात ३ मिळवले की उत्तर ५३. त्यातूनच ३ वजा केले, तर २! १०, ९, १ हे आकडे क्रमाने लाव म्हटलं, तर १, १०, ९. कारण ती आकड्यांना आधी अक्षरं समजते आणि शब्दकोशासारखी लावते. कुठे तक्रार नाही, कपाळाला आठी नाही.

दोष तरी कुणाला द्यायचा? १९९५च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. वरून हुकूम होता, जावा या दुसऱ्या भाषेसारखी दिसली पाहिजे. शून्याचा जानेवारीही जावाच्याच घरचा. जावाने पुढे त्या जुन्या पद्धतींवर ‘वापरू नका’चा शिक्का मारला, हिला ते जमेना. इतक्या साइट तिच्या खोडींवर उभ्या आहेत की खोड काढली तर साइट पडायची. मग दुरुस्ती म्हणजे शेजारी नवी चीज बांधणं. दोन बरोबरच्या चिन्हांनी सैल तुलना होते, म्हणून कडक तुलनेला तीन चिन्हं आली.

“मामा, तू टाइपस्क्रिप्ट घे ना,” भाचा म्हणाला. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणलेली ही कडक धाकटी. वजाबाकीत मजकूर घातला की शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. (बेरजेला मात्र तिचाही कानाडोळा.) ब्राउझरकडे जाताना तिचे सगळे नियम पुसले जातात आणि धावते शेवटी जावास्क्रिप्टच. पण तोवर तिने चार शब्द सुनावलेले असतात, आणि मला, खरं सांगतो, त्याने फार बरं वाटतं.