पाचवी 'क'ची हेलन

"मला हेलन आवडते," असं मी कुठे म्हणालो, की समोरच्या साठीच्या माणसाच्या चेहऱ्यावर एकदम कॅबरे सुरू होतो. मग खुलासा करावा लागतो. ती नव्हे हो, ही इंग्लंडची. हेलन मिरेन. 'द क्वीन'साठी ऑस्कर मिळालेली. "अच्छा, ती राणी!" म्हणून माणूस विझतो आणि साखरेच्या गोळ्यांकडे वळतो.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली, व्हिडिओ लायब्ररीतल्या भाड्याच्या कॅसेटमधून झालेली. 'प्राइम सस्पेक्ट' ही मालिका १९९१ साली सुरू झाली. त्यात बाई पोलिसातल्या मोठ्या अधिकारी, आणि हाताखालच्या पुरुषांना त्या साहेब म्हणून नको असतात. योगायोग असा, की तेव्हा आमच्या कचेरीत नव्या बाई साहेब आल्या होत्या आणि आम्ही सगळे मिळून नेमकं तेच करत होतो. कॅसेट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी बाईंच्या टेबलावर फायली वेळेवर ठेवू लागलो. सहकाऱ्यांना वाटलं, मला बढती हवी आहे.

पुढे डीव्हीडी आली आणि भाचा लंडनला गेला. "मामा, येताना काय आणू?" या प्रश्नाला आमच्या घराण्यात चॉकलेट किंवा ब्लेडची पाकिटं असं उत्तर द्यायची पद्धत आहे. मी हेलनबाईंच्या डिस्का मागवल्या. त्याने आणल्या, मी आंघोळ करून पहिली डिस्क प्लेअरमध्ये ठेवली. पडद्यावर सूचना आली, की ही तुमच्या विभागात चालणार नाही.

हा जातिभेद मला तोवर ठाऊक नव्हता. एका देशात डिस्क निघाली, की दुसऱ्या देशात तोच चित्रपट थिएटरला लागायच्या आधी लोकांनी ती घरी बघू नये, म्हणून कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग पाडले होते. ब्रिटन दुसऱ्यात. आपण पाचव्यात, रशिया, मंगोलिया आणि बराचसा आफ्रिका यांच्या बाकावर. नंतर ब्लू-रे आली तेव्हा पुन्हा वाटणी झाली. ब्रिटन 'बी', आपण 'सी'. थोडक्यात, इंग्लंड दुसरी 'ब' आणि आपण पाचवी 'क'. तीन इयत्ता पुढे असूनही त्यांची पुस्तकं आपल्याला वाचता येत नाहीत.

त्यावर उपाय बुधवार पेठेत असल्याचं कळलं. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा बाजार आहे हे अख्ख्या पुण्याला माहीत आहे. पण "एका विलायती बाईसाठी जरा बुधवारात जाऊन येतो," हे वाक्य घरात उच्चारायचं नसतं, हे मला उच्चारल्यावर कळलं. तिथल्या पोराने रिमोटवर पाच-सहा आकडे दाबले आणि आमचा प्लेअर विश्वनागरिक झाला. पन्नास रुपयांत एवढी वैश्विकता मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

ब्लू-रेचा प्लेअर मात्र अशा आकड्यांना बधला नाही. पण दुःखात एक दिलासा सापडला. हेलनबाईंचे वडील जन्माने रशियन, मूळ आडनाव मिरोनॉफ. लहानपणी ते ब्रिटनमध्ये आले, पुढे लंडनमध्ये टॅक्सी चालवली आणि आडनावाचं मिरेन केलं. आता, रशिया डीव्हीडीत पाचवा आणि ब्लू-रेत 'सी'. म्हणजे बाई वडिलांकडून थेट आमच्याच वर्गातल्या!

डिस्का साठत गेल्या. 'निवृत्तीनंतर सावकाश बघू' या कप्प्यात मी त्या रचून ठेवल्या. बाई माझ्याहून कितीतरी मोठ्या, त्या माझ्या आधीच थांबतील, मग मागून निवांत गाठू, असा हिशोब. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी प्लेअरही झाला. "लेन्स गेली, पार्ट येत नाही," असं निदान आलं. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला फटच नव्हती. एका सकाळी पाहतो तर बायकोने माझी 'एलिझाबेथ पहिली' दोऱ्याने गॅलरीत टांगलेली. जिच्या काळात स्पॅनिश आरमार परतलं, ती राणी आता कबुतरं परतवते.

आणि बाई? त्यांना कोणी निवृत्तीचं वय सांगितलेलंच दिसत नाही. २०१७ साली त्या मोटारींच्या शर्यतींच्या 'फास्ट अँड फ्युरियस'मध्ये शिरल्या, आणि २०२१च्या भागात लंडनच्या रस्त्यांवरून अशी गाडी हाणली, की शेजारी बसलेल्या नायकानेच सावरून बसावं. टॅक्सीवाल्याची पोर! मला अॅक्टिव्हा डबल स्टँडवर घ्यायला वॉचमन लागतो. २०२३ या एका वर्षात त्या 'गोल्डा'मध्ये पंतप्रधान झाल्या, 'शझॅम'च्या पुढच्या भागात चिडलेली देवी झाल्या आणि 'बार्बी'च्या सूत्रधारही झाल्या. १९८६च्या 'मॉस्किटो कोस्ट'मध्ये हॅरिसन फोर्ड त्यांचा नवरा होता. छत्तीस वर्षांनी '१९२३' मालिकेत तोच नवरा पुन्हा. आमच्याकडे याला नवीन प्रकल्प म्हणत नाहीत, संसार म्हणतात.

बायकोने त्यांना मान्यता दिली ती 'द हंड्रेड-फूट जर्नी'मुळे. त्यात मुंबईहून परागंदा झालेलं एक कुटुंब फ्रान्समधल्या गावात, हेलनबाईंच्या मानाच्या हॉटेलासमोर, बरोब्बर शंभर फुटांवर आपलं हॉटेल थाटतं. वडील ओम पुरी, कुटुंबाचं आडनाव कदम. माझी बायको माहेरची कदम.

"हे आमच्यातले नव्हेत," ती आधी म्हणाली. पण बाईंनी कदमांची कोंडी करायला बाजारातला माल उचलला, तेव्हा ती सोफ्यावर ताठ बसली. पुढे कदमांच्या पोराच्या ऑम्लेटपुढे बाई नमल्या, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंत?" जणू ते ऑम्लेट मामंजींनी केलं होतं.

म्हणून २०२५ साली 'द थर्सडे मर्डर क्लब' आला तेव्हा मी तिलाही बसवलं.

"म्हणजे काय?"

"वृद्धाश्रमातले चौघं दर गुरुवारी जमून खुनांचा तपास करतात."

"गुरुवारी खून?" ती दचकली. "गुरुवारी आपण अंडंसुद्धा खात नाही!"

पण बसली. चौघांत बेन किंग्जली दिसल्यावर "गांधीजी आहेत, म्हणजे बरं असेल," म्हणाली. हेलनबाई त्यात निवृत्त गुप्तहेर. सिनेमा संपला आणि तिने विचारलं, "वय काय हो हिचं?"

"जुलैत ऐंशी पूर्ण."

"सहस्रचंद्रदर्शनाला आली की! तरी रोज कामावर जाते. आणि तुम्ही तिच्या निवृत्तीची वाट बघत घरात बसलाय." ती उठली, आत गेली आणि गव्हाचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. "दळण घेऊन या."

मी खुंटीवरची अॅक्टिव्हाची किल्ली काढली.

"गिरणी शंभर फुटांवर," ती म्हणाली, "गाडी कशाला? कदमांचे जावई ना तुम्ही?"